वाऱ्याचा कौल

देवीच्या तळ्यात खेळावं की खेळू नये, हा प्रश्न आमच्या कट्टा गावच्या घरात मे महिन्यात भर जेवणात निघाला. माझा भाचा म्यूनिकहून सुटीवर आला होता. कपड्यांची बॅग लहान आणि दुसरी माणसाएवढी उंच. तीत हवा भरून फुगवायची फळी, हवा भरून फुगवायचा पंख, कार्बनचा दांडा, दांड्याच्या टोकाला बसवायचे दोन आडवी पाती, पंप आणि एक तंबू. त्याचा बेत ठरलेला होता. धामापूरच्या तळ्याकाठी तंबू ठोकायचा, सकाळी पक्षी बघायचे, दुपारी वारा चढला की पाण्यावर जायचं.

माझ्या सासूबाई नव्वदीच्या आहेत. ऐकू कमी येतं असं आम्ही समजतो. त्यांनी सोलकढीची वाटी खाली ठेवली आणि विचारलं, "देवीक इचारलंस काय?"

तो हसला आणि माझ्याकडे वळला. "मावशी, तू आयुष्यभर भूगोल शिकवलास. तूच सांग, तळं देवीचं कसं? ते तर माणसांनी बांधलंय."

मुद्दा बिनतोड होता. धामापूरचा तलाव निसर्गानं दिलेला नाही. दोन डोंगरांच्या मधल्या खिंडीत मातीचा बांध घालून तो केलेला आहे. विजयनगरच्या साम्राज्याचे मांडलिक नागेश देसाई यांनी १५३० साली धामापूर आणि काळसे या गावांतल्या लोकांच्या हातांनी तो बांधून घेतला, आणि त्याच्या पाण्यावर दोन्ही गावांची शेती पिढ्यान्‌पिढ्या पिकली. आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगानं २०२० साली त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळांच्या यादीत घेतलं. म्हणजे सरकारी कागदांत ते सिंचनाचं काम आहे. बांधाला लागून मात्र भगवतीचं देऊळ आहे, आणि गावाला विचाराल तर तळं तिचंच. देसायांचं नाव फलकावर वाचावं लागतं, भगवतीचं कुणाला वाचावं लागत नाही.

ज्या वस्तूला आपण स्वतः माती वाहिली ती देवाची कशी होते? मला वाटतं, अशाच वस्तू आधी देवाच्या कराव्या लागतात. डोंगर कुणी केला नाही, म्हणून त्याच्यावर हक्क सांगायला कुणी फारसं पुढे येत नाही. बांध माझ्या आज्यानं घातला म्हटलं की पाण्याची वाटणी, पाण्याचं भांडण आणि पुढे कोर्ट आलं. मालकीचा कागद देवीच्या नावावर चढवला की भांडणारे सगळे कुळं होतात. हा धूर्तपणा असेल, पण वाईट धूर्तपणा नाही.

त्या तळ्याची एक कथा इकडे सगळ्यांना ठाऊक आहे. घरात लग्न निघालं आणि अंगावर घालायला सोनं नसलं, की फुलांचे दागिने करून परडीत ठेवायचे आणि परडी तळ्यात सोडायची. परडी बुडायची आणि वर यायची तेव्हा तीत सोन्याचे दागिने असायचे. लग्न झालं की ते परत पाण्यात सोडायचे. पुढे कुणाला तरी मोह झाला, त्यानं दागिने ठेवून घेतले, आणि तेव्हापासून परडी वर येईनाशी झाली. अशा कथा महाराष्ट्रात इतर तळ्यांच्या आणि डोहांच्याही सांगतात, कुठे दागिने येतात तर कुठे भांडी. पण या कथेत देवीला सोनं मागितल्याचा राग येत नाही. चैनीसाठी मागितलं तरी येत नाही. लग्नातले दागिने ही चैनच की. ती देते, बिनव्याजी देते, तारणही घेत नाही. बंद पडतं ते ठेवून घेतल्यावर. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात यज्ञाचा विचार मांडताना श्रीकृष्ण हेच अधिक कडक शब्दांत सांगतात: देवांनी दिलेलं त्यांना परत न देता जो एकटा भोगतो तो चोर. धामापूरच्या लोकांनी गीता वाचून कथा रचली असं मी म्हणत नाही. उलट झालं असण्याचीही शक्यता आहे, म्हणजे असल्या शेकडो तळ्यांचा अनुभव आधी आणि श्लोक नंतर.

हे मी भाच्याला सांगितलं तेव्हा तो खूश झाला. "मग माझं काम सोपं आहे. मी वारा घेतो तो ठेवतच नाही."

यावर मी बराच विचार केला, कारण तो म्हणत होता ते खरं आहे आणि खेळ नीट समजून घेतल्याशिवाय त्याचं खरेपण कळत नाही. विंडसर्फिंगमध्ये शीड फळीवर उभं असतं, बुडाशी फिरत्या सांध्यावर. माणूस आडव्या दांड्याला धरून ते वाऱ्यावर झुकवतो. अमेरिकेत १९६० च्या दशकात हा खेळ घडला आणि १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकात गेला. विंगफॉइलिंग अगदी अलीकडचं. त्यात शीड फळीला जोडलेलंच नसतं, पंख हातात धरायचा. आणि फळीखाली पाण्यात खोल, दांड्याच्या टोकाला, विमानाच्या पंखासारखं छोटं पातं असतं. वेग आला की ते पातं फळीला पाण्याबाहेर उचलतं. वेग दुप्पट झाला की उचल चौपट होते. पाणी हवेच्या सुमारे आठशे पट घन, म्हणून पाण्यातलं पातं हातभर रुंद पुरतं आणि हवेतला पंख मात्र पाच-पाच चौरस मीटरचा लागतो. माणूस वर आला की फळीचं पाण्यावर आपटणं थांबतं. भाचा म्हणतो, पहिल्यांदा घाबरायला होतं ते या आवाज थांबण्यानं.

हा खेळ तो इटलीतल्या गार्डा सरोवरावर शिकला. म्यूनिकचे लोक शनिवार-रविवारी आल्प्स ओलांडून तिथे जातात, काठच्या कॅम्पिंगच्या जागांत तंबू लावतात. सरोवराच्या उत्तर टोकाला, तोर्बोलेला, सकाळी उत्तरेकडून एक वारा येतो, त्याचं नाव पेलेर. दुपारी तो पडतो आणि दक्षिणेकडून दुसरा उठतो, त्याचं नाव ओरा. डोंगर तापतात, हवा वर जाते, खालची हवा तिची जागा घ्यायला धावते. मी त्याला म्हटलं, अरे, हेच मी नववीला शिकवत होते. दिवसा जमीन तापते म्हणून खारे वारे, रात्री जमीन आधी निवते म्हणून मतलई वारे. वेंगुर्ल्यापासून देवगडपर्यंत मासेमारीची शिडाची होडी पहाटेच्या मतलईवर बाहेर पडायची आणि दुपारच्या खाऱ्यावर परत यायची. इंजिनं आली नव्हती तोवर कोकणच्या किनाऱ्याचं वेळापत्रक वाऱ्यानंच लिहिलेलं होतं.

तर वारा ठेवता येत नाही. शिडातून गेलेला वारा थोडा मंदावतो, पाठीमागच्या माणसाला थोडा कमी मिळतो, हे भौतिकशास्त्र झालं. पण तो डब्यात भरून घरी नेता येत नाही की त्याचं बक्षीसपत्र करता येत नाही. ईशावास्य उपनिषदाच्या पहिल्याच मंत्रात, हे सगळं ईशाचं आहे, तेव्हा सोडून देत भोग घे, अशा अर्थाची शिकवण आहे. मला ती तरुणपणी कोड्यासारखी वाटे. सोडायचं तर भोगायचं कसं? वाऱ्यावर उभा राहिलेला माणूस मात्र दुसरं काही करूच शकत नाही. घट्ट धरलं की पडतो. पंखाची पकड ढिली करून वारा सोडत राहायचा, हीच त्यातली विद्या आहे. शिवाय अंगाला लागतो तो वारा सगळा वाऱ्याचा नसतो. त्यात स्वतःच्या वेगामुळे समोरून येणारी हवा मिसळलेली असते, आणि खेळाडूला त्या बेरजेवरच पंख धरावा लागतो. आपण केलं किती आणि मिळालं किती याचा हिशेब तिथे लावता येत नाही. कर्तेपणाच्या अहंकारावर गीतेत जे सांगितलंय त्याचं याहून चांगलं प्रात्यक्षिक मला वर्गात कधी देता आलं नसतं.

खेळाला आपल्या धर्मात कमी लेखलेलं नाही, हेही सांगायला हवं. ब्रह्मसूत्रांत प्रश्न येतो की ज्याला काहीच मिळवायचं उरलं नाही त्या ब्रह्मानं जग कशासाठी केलं. उत्तर येतं: लीला म्हणून. प्रयोजन नाही, खेळ आहे. मग भाच्याचा खेळ तळ्याला बाटवतो असं म्हणायला जागा कुठे? सासूबाईंचाही तसा आक्षेप नव्हता. खेळू नको असं त्या म्हणाल्याच नव्हत्या. विचारलंस का, एवढंच त्यांनी विचारलं.

गाडं अडतं ते तंबूपाशी.

पुण्या-मुंबईच्या लोकांना तळ्याकाठचा तंबू म्हटलं की पवना आठवतं. मावळात पवना धरणाच्या काठी शनिवारी रात्री तंबूंच्या रांगा लागतात. दिव्यांच्या माळा, शेकोटी, गिटार, कर्णा, आणि सकाळी पोहे. भाचा पुण्यात शिकत होता तेव्हा तिथे जायचा. वारा ठेवून घेता येत नाही, पण रात्र ठेवून घेता येते. काळोख घेतला, गप्पपणा घेतला, बेडकांचा आवाज घेतला, तर ते लग्नानंतर परडीत घालून परत कसं करायचं? प्लास्टिक उचलून नेता येतं आणि सुजाण माणसं नेतातही. ज्या रात्री घुबड बोललं नाही ती रात्र परत नेऊन ठेवता येत नाही. शिवाय पवनेच्या पाण्याखाली दुसऱ्यांची शेतं आहेत, आणि त्या पाण्याची बंद नळवाहिनी पिंपरी-चिंचवडला न्यायला विरोध करताना ९ ऑगस्ट २०११ रोजी गोळीबारात तीन शेतकरी मेले. काठावर तंबू लावणाऱ्यानं त्यांना मारलेलं नाही. पण जागा भाड्यानं घेतली की तिथे आपल्याआधी कुणी होतं का, हे विचारायची गरजच भाडं काढून टाकतं.

या गोष्टीचं नेमकं उलटं रूप बघायचं तर आमच्याच मालवण तालुक्यात आचऱ्याला जावं. तिथे काही वर्षांनी एकदा गावपळण होते. रामेश्वराचा कौल झाला की तीन दिवस आणि तीन रात्री सगळा गाव वेशीबाहेर जातो. सगळा म्हणजे सगळा. म्हातारी माणसं, पाळण्यातली पोरं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं. घरांना कड्या. रस्त्यावर चिटपाखरू नाही. वेशीबाहेर माळावर, खाडीच्या बाजूला, झावळ्यांच्या आणि ताडपत्रीच्या झोपड्या उठतात. चुली पेटतात, पत्ते रंगतात, रात्री भजनं, बायकांच्या फुगड्या. ज्यांचं आयुष्यभर पटलं नाही अशी दोन घरं शेजारी-शेजारी राहुट्या ठोकून माशाची आमटी वाटून खाताना मी पाहिली आहेत. गावात हिंदू आहेत तसे मुसलमानही आहेत, आणि बाहेर पडायला कुणी मागे राहत नाही. तीन दिवसांनी देवाला पुन्हा कौल लावतात. होकार आला तरच परतायचं. नाही म्हणाला तर आणखी मुक्काम.

का करतात याच्या कथा निरनिराळ्या आहेत. भूतं येतात इथपासून रोगराईनंतर हवा शुद्ध व्हावी म्हणून इथपर्यंत. शहाणी माणसं अलीकडे पर्यावरणाचं कारण सांगतात, तेही ऐकायला बरं वाटतं. मला कारणापेक्षा रचना महत्त्वाची वाटते. कॅम्पिंगला गेलेला माणूस एखादी जागा घ्यायला जातो. गावपळणीत माणूस जागा सोडायला जातो. तंबू तोच, चूल तीच, मजाही तीच, आणि मजा खूप असते, उगाच सोवळेपणानं कुणी बसत नाही. फक्त सुटी माणसाची नसून गावाची असते. तीन रात्री त्या वाटांना, विहिरींना, अंगणांना माणसापासून मोकळीक मिळते.

भाच्याला हे आवडलं, पण तो तसा चिवट आहे. म्हणाला, "कौल म्हणजे काय गं शेवटी? दगडावर चिकटवलेली कळी पडते. उजवीकडची पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. हे गुरुत्वाकर्षण आहे."

आहेच. पण कळी कुठल्या बाजूची पडेल हे विचारणाऱ्याच्या हातात नसतं, कौलाचं सगळं मोल यात आहे. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा घ्या. लाखो लोक येतात, मंत्र्यांच्या गाड्या येतात, रेल्वे जादा गाड्या सोडते. आणि जत्रेची तारीख पंचांगात नसते. देवीचा कौल होऊन ती ठरते. मुंबईच्या चाकरमान्यानं कितीही आधी रजा मागून ठेवली तरी तारीख निघेपर्यंत त्याला थांबावं लागतं. ज्या जगात सगळं दोन महिने आधी आरक्षित होतं, तिथे एक तारीख अशी आहे की जी कुणाच्या सोयीनं येत नाही. विचारणं खरं असायचं तर समोरून नाही येण्याची शक्यता खरी असायला हवी. नाही तर ते विचारणं नव्हे, ती सूचना देणं झालं.

शेवटी आम्ही चौक्यावरून धामापूरला गेलो, नुसतं बघायला. दुपार होती. दोन्ही बाजूंनी गर्द झाडीचे डोंगर, मधे पाणी, बांधावर वाळलेल्या पानांचा सडा. भाच्यानं गवताची काडी मोडून वर सोडली. ती सरळ खाली पडली. थोडं चालून त्यानं दुसरी सोडली, ती एका बाजूला गेली. तिसरी उलट्या बाजूला. त्याचं म्हणणं, समुद्रावरून येणारा वारा डोंगरावर आणि झाडांवर फुटून तुकड्यातुकड्यांनी खाली येतो. असल्या वाऱ्यावर पंख धरला तर तो एका क्षणी उचलेल आणि दुसऱ्या क्षणी टाकून देईल. शिवाय पात्याला खोल पाणी हवं, आणि मे अखेरीला काठाशी कुठे किती पाणी आणि त्यात काय बुडालेलं, ते कोण सांगणार.

मला त्या काडीवरून केनोपनिषद आठवलं. देवांना विजयाचा गर्व झाला तेव्हा त्यांच्यापुढे एक यक्ष उभा राहिला. अग्नी गेला, त्याच्यापुढे यक्षानं गवताची काडी ठेवली, ती त्याला जाळता आली नाही. मग वायू गेला. पृथ्वीवर जे जे आहे ते मी उचलून नेईन म्हणाला. त्याच्याही पुढे काडी ठेवली. सगळं बळ लावूनही ती हलली नाही. वायूला तैत्तिरीय उपनिषदाच्या शांतिपाठात प्रत्यक्ष ब्रह्म म्हटलंय, आणि इथे त्याच वायूला एका काडीनं नाही म्हटलं. इंद्रापुढे यक्ष अंतर्धान पावतो आणि तिथे हैमवती उमा येते, ती सांगते की विजय तुमचा नव्हता. ती कथा मी कित्येकदा वाचली होती. तिच्यात शेवटी ज्ञान द्यायला देवी येते, हे बांधावर भगवतीच्या देवळाकडे पाठ करून उभी असताना जाणवलं.

पुढचे दिवस भाचा कर्लीच्या खाडीवर गेला. तारकर्ली आणि देवबागच्या बाजूला वारा समुद्रावरून सरळ येतो, मधे अडवायला काही नाही. मीही जायची. पर्यटक पॅरासेलिंग करत होते, बनाना बोटीवर किंचाळत होते. पैसे दिले, फेरी झाली. हा मात्र वाळूवर पंख फुगवून तासन्‌तास बसलेला. वारा आला नाही तर संध्याकाळी पंखातली हवा काढून घरी. आजूबाजूच्या पोरांना हसू यायचं. एका होडीवाल्यानं विचारलं, यात इंजिन नाय? नाही म्हटल्यावर त्यानं सरळ आकाशाकडे बघितलं आणि सांगितलं, आज नाय मिळूचा. त्याचं बरोबर निघालं. इंजिन असलेल्याची नाही ऐकायची सवय मोडते. आणि दर्या कधीतरी मोठ्यानं नाही म्हणतो. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून माणसं गेली. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, पावसात जलक्रीडाही बंद असतात. ते नियम सरकारचे, पण त्यांच्यामागचा नकार जुना आहे, नारळी पौर्णिमेला मालवणात दर्याला नारळ देऊन जो संपायचा तोच. शिवाजी महाराजांनी १६६४ साली सिंधुदुर्गाचं काम सुरू केलं तेही किनाऱ्यावर मोरयाच्या धोंड्याची पूजा करून. राजाला दर्याची परवानगी घ्यावीशी वाटली.

इथपर्यंत माझा युक्तिवाद मला आवडू लागला होता. भाच्यानं तो एका रात्री अंगणात मोडला.

"मावशी, नाही म्हणणारा कोण असतो ते सांग. देव बोलत नाही. देवाच्या वतीनं कुणीतरी बोलतो. महाडला कोण बोलत होतं?"

हे आठवल्याशिवाय कोकणात तळ्याविषयी बोलूच नये. सीताराम केशव बोले यांनी १९२३ साली मुंबई कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. महाडच्या नगरपालिकेनं आपलं चवदार तळं खुलं केल्याचा ठरावही केला. कागदावर. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. तेवढ्यानं गावातले लोक लाठ्या घेऊन बाहेर पडले, आणि मागाहून तळं शुद्ध केलं, गोमूत्र आणि पंचगव्याच्या घागरी ओतून. गुरं ज्या तळ्यावर पाणी पीत होती त्या तळ्यात. खटला चालत राहिला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. तिथेही नकार देवाच्या नावानंच होता. तिथेही कारण मागायची सोय नव्हती.

मला लगेच उत्तर सुचलं नाही. कारण मी स्वतः त्या नकाराच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिलेली बाई आहे. एका देवळात, नाव नको, देवाला गाऱ्हाणं घालणं सुरू असताना मला पायरीखाली थांबायला सांगितलं होतं. मुलांना गाऱ्हाण्याची भाषा शिकवायची म्हणून मी वही घेऊन गेले होते. मानकरी बोलतात, पुरुष व्हय म्हाराजा म्हणतात, बायका ऐकतात. कुणी उद्धट बोललं नाही. पद्धत नाही, म्हणाले.

तरीही महाडचा नकार आणि आचऱ्याचा नकार मला एक वाटत नाहीत, आणि दोन्ही देवाच्या नावानं असल्यामुळे ते वेगळे काढणं अधिक गरजेचं वाटतं. गावपळणीत मानकऱ्याचं घरसुद्धा बंद होतं. पुजारीही झोपडीत झोपतो. नाही म्हणणारा स्वतः त्या नाहीच्या आत उभा असतो. महाडला नाही म्हणणारे संध्याकाळी त्याच तळ्याचं पाणी घरी नेत होते. तिथे नकार कृतीला नव्हता, माणसाला होता. दुसरं असं की तहानेला नकार देता येत नाही, कुठल्याच देवाला. खेळाला देता येतो. धामापूरच्या तळ्यावर उद्या गावानं ठरवलं की इथे फळ्या नकोत, कर्णे नकोत, रात्री तंबू नकोत, तर मी त्यांच्या बाजूनं उभी राहीन. पण हेच गाव स्वतः देवळापाशी रात्रभर कर्णा लावत असेल तर मी भाच्याला म्हणेन, जा, खुशाल तंबू ठोक. पाहुण्यापुरती पवित्र असलेली जागा पवित्र नसते, राखीव असते.

भाचा म्हणाला, हे मान्य, पण मग बायकांचं काय? त्यांना पायरीखाली उभं करणारा मानकरी स्वतः पायरीवर असतो. त्या कसोटीवर तुझं गाऱ्हाणंही नापास होतं. होतंच. पद्धत बदलायला हवी, आणि ती बदलेपर्यंत मी गाऱ्हाण्याचा गोडवा गाताना जरा सांभाळून गाईन. पण विचारण्याची पद्धतच मोडून टाकावी, म्हणजे मग कुणालाच खाली थांबावं लागणार नाही, हे मला पटत नाही. पायऱ्या काढल्या की तिथे तिकीटखिडकी येते, हे आपण पाहतोच आहोत. खिडकीवर जात विचारत नाहीत, खरं आहे. खिडकी नाहीसुद्धा म्हणत नाही.

सासूबाई हे सगळं ऐकत होत्या की नाही कुणास ठाऊक. एक सांगायचं राहिलं. ज्या सकाळी भाचा पहिल्यांदा कर्लीवर निघाला त्या सकाळी त्यांनी त्याला तुळशीपुढे उभं केलं, नारळ हातात दिला आणि स्वतःच गाऱ्हाणं घातलं. बाईनं घालू नये वगैरे त्यांच्या गावीही नव्हतं. घरचं गाऱ्हाणं घरची म्हातारी घालणार, दुसरं कोण?

"बा देवी भगवती माते, ह्यो माझ्या सुनेचो भाचो, लांबच्या देशातसून इलेलो आसा. हेका वारो व्हयो आसा. कित्याक व्हयो तां माका कळणा नाय, तुका कळात. द्यावचो आसलो तर बेताचो दी, पोर पाण्यात पडाचा नाय इतकोच. आणि द्यावचो नसलो तर येळेर सांग, म्हणजे तो जेवणाक घराक येतलो. हेच्या आदी खाडयेर जे कोण रवतत, मासे, पाखरां, होडयेवाले, तेंका हेचो तरास होवचो नाय असा कर."

मी आणि भाचा, दोघंही म्हणालो, "व्हय म्हाराजा."

त्यानं नारळ फोडला, बॅग खांद्यावर घेतली आणि दारातून वळून विचारलं, "आजी, मग आज वारो येतलो मां?"

"तां माका काय इचारतस? खाडयेर जा नी बघ."